हरकतींच्या टेबलावरून

आयुष्य विजेच्या नोकरीत काढलं, पण घरातली वीज गेली की मी आजही शेजारच्या सावंतांना हाक मारते. "अगं, तुमचं ऑफिस अख्ख्या राज्याची वीज ठरवतं ना?" असं माझे यजमान चिडवायचे. मी सांगायची, "ठरवतं. जोडत नाही."

हा फरक लोकांना समजावण्यात माझी बरीच वर्षं गेली, तेव्हा तुम्हालाही आधी तोच सांगते. वीज पुरवते ती कंपनी. पण दर किती लावायचा, मीटर कसला बसवायचा, कोणाचा पुरवठा कधी तोडायचा, हे कंपनीला आपल्या मनाने करता येत नाही. त्याचे नियम एक आयोग ठरवतो. नियमांचा मसुदा निघाला की पेपरात जाहीर सूचना द्यावी लागते. ज्याला तो पटत नाही त्याने लेखी हरकत पाठवायची. मग एका दिवशी सगळ्यांसमोर सुनावणी होते. कंपनीचे लोक बोलतात, हरकत घेणारे बोलतात, आणि काही महिन्यांनी आदेश निघतो. अशा एका कार्यालयाच्या सुनावणी शाखेत मी होते. कार्यालयाचं नाव सांगत नाही. सांगून वाचणाऱ्याला काही मिळणार नाही, आणि निवृत्तीनंतर कोणाला दुखवायची हौसही राहिलेली नाही.

जाहीर सूचना मराठीत करणं हे माझं काम. आलेल्या हरकती तपासून त्यांना क्रमांक देणं हेही माझंच. आणि सुनावणीच्या दिवशी सभागृहाच्या दाराशी टेबल मांडून बसायचं, येणाऱ्यांच्या सह्या घ्यायच्या, मग आत जाऊन कोण काय बोललं ते टिपायचं. ऑफिसात त्याला हरकतींचं टेबल म्हणत. कोणी विचारलं, "परबबाई कुठे आहेत?" की उत्तर यायचं, "हरकतीवर बसल्यात."

माझ्या सूचनांचा मला फार अभिमान होता. इंग्रजी मसुद्यातलं एकेक वाक्य म्हणजे करीरोडच्या पुलाएवढं. चढायला लागलं की दुसरं टोक दिसत नाही. ते फोडून, 'उपरोक्त' आणि 'तदनुषंगाने' यांना शक्य तेवढं हाकलून, मी सरळ मराठी करायची. पहिली सूचना छापून आली तेव्हा गिरगावात राहणाऱ्या माझ्या बहिणीला फोन करून सांगितलं, "आठवं पान बघ." ती म्हणाली, "बघितलं. कोण गेलं गं?" काळ्या चौकटीतला मजकूर, शेजारी निधनवार्ता. तिने चौकटीत ओळखीचं नाव शोधलं, सापडलं नाही, आणि पान उलटलं. आम्ही दोघी खूप हसलो. मुंबईतल्या बाकीच्या बायकांनीही पान उलटलं असेल, हे तेव्हा माझ्या डोक्यात आलं नाही.

सुनावणीला येणारी मंडळी ठरलेली असायची. कारखान्यांचे वकील, मोठ्या सोसायट्यांचे सेक्रेटरी, आणि चार-पाच निवृत्त गृहस्थ. त्यांतले सगळ्यात नेमाचे दादरचे प्रभुदेसाई. विमा कंपनीतून निवृत्त झालेले, कडक इस्त्रीचा पांढरा शर्ट, खांद्याला कापडी पिशवी, पिशवीत छापून घेतलेला मसुदा आणि मसुद्याला पिवळ्या, गुलाबी चिठ्ठ्या. आमच्या अधिकाऱ्यांनी न वाचलेल्या तळटीपा त्यांनी वाचलेल्या असायच्या. एकदा कंपनीच्या तक्त्यात दशांश चिन्ह एक घर सरकलेलं त्यांनी उभं राहून दाखवून दिलं. कंपनीच्या वकिलांनी तक्ता चष्म्याजवळ नेला, लांब धरला, पुन्हा जवळ नेला, आणि मग पाण्याचा ग्लास मागितला. सुनावणी संपली की प्रभुदेसाई माझ्या टेबलाशी चहा घेत म्हणायचे, "परबबाई, लोकशाही म्हणजे वाचन. जो वाचत नाही त्याने बोलू नये."

मला ते पटायचं. माझा संबंध वाचणाऱ्यांशीच यायचा.

आमच्याकडे नियम कडक होते. हरकत ठरलेल्या नमुन्यात पाहिजे, सहा प्रती पाहिजेत, सोबत शपथपत्र पाहिजे, आणि शेवटच्या दिवशी पाचच्या आत पोचली पाहिजे. यातलं काही राहिलं की पत्रावर 'त्रुटिपूर्ण' असा शिक्का मारून परत पाठवायचं. तो शिक्का माझ्या उजव्या हाताला असायचा. लाकडी मूठ घासून गुळगुळीत झाली होती.

निवृत्तीला तीनेक वर्षं राहिली होती तेव्हा नव्या मीटरच्या नियमांचा मसुदा निघाला. मोबाइलसारखी पद्धत. आधी पैसे भरायचे, मग वीज वापरायची. शिल्लक संपली की मीटर आपणहून पुरवठा बंद करणार. वायरमन येणार नाही, दार वाजणार नाही, "दोन दिवस थांबा हो" असं कोणाला सांगायची सोय नाही. हरकती ढिगाने आल्या. त्यात एक पत्र शाळेच्या वहीच्या पानावर, निळ्या शाईत, शिरोरेघा पट्टीने मारल्यासारख्या सरळ. मजकूर असा होता:

"महोदय, मी चिंचपोकळीस राहतो. माझी पत्नी ऑक्सिजनच्या मशीनवर असते. मशीन विजेवर चालते. शिल्लक संपली की मीटर वीज बंद करणार असे ऐकले. वर माणूस मशीनवर आहे हे मीटरला कसे कळणार, ते कृपया कळवावे. आपला, विश्राम घाडी."

नमुना नाही, प्रत एकच, शपथपत्र नाही. मी शिक्का मारला आणि पत्र परतीच्या गठ्ठ्यात टाकलं. खोटं कशाला सांगू, वाचताना हात थबकला वगैरे काही झालं नाही. त्या दिवशी तशी बरीच पत्रं होती.

आठवड्याभराने दुपारी एक गृहस्थ माझ्या टेबलासमोर उभे राहिले. साठी ओलांडलेले, उंच, सडपातळ. चिंचपोकळीच्या एका वर्कशॉपमध्ये लेथवर टर्नर म्हणून उभी हयात गेलेली. हात स्वच्छ धुतलेले होते, तरी नखांच्या कडेची काळी रेघ गेलेली नव्हती. त्यांनी शिक्क्याचं पत्र टेबलावर ठेवलं.

"मॅडम, यात काय चुकलं ते सांगाल? दुरुस्त करून आणतो."

मी नमुना, प्रती, शपथपत्र सगळं समजावलं. त्यांनी मध्ये एकदाही तोंड घातलं नाही. मग म्हणाले, "म्हणजे कागद चुकला. म्हणणं चुकलेलं नाही ना?"

"म्हणणं मी बघत नाही," मी म्हटलं. "मी कागद बघते."

"मग म्हणणं कोण बघतं?"

"आयोग बघतो."

"पण तुम्ही इथूनच परत पाठवलंत, तर त्यांच्यापर्यंत जाणार कसं?"

मी त्यांना मुदतीची तारीख दाखवली. मुदत कालच संपली होती. त्यांनी भिंतीवरच्या घड्याळाकडे बघितलं. "शेजारणीला बसवून आलोय. निघतो," म्हणाले, पत्राची घडी खिशात घातली आणि गेले. भांडले असते तर मला सोपं गेलं असतं. भांडणाऱ्यांसाठी माझ्याकडे तयार वाक्यं होती.

ते गेल्यावर मी सुनावणीच्या नियमांचं पुस्तक काढलं. मला त्यातला एक नियम आठवत होता, आणि तो तिथेच होता. ज्याला लेखी हरकत देता येत नाही त्याला सुनावणीच्या दिवशी आयोगाच्या परवानगीने तोंडी म्हणणं मांडता येतं. नमुना नको, प्रती नकोत.

आता जे सांगते ते आजवर घरीही सांगितलेलं नाही. या नियमाची ओळ पूर्वी जाहीर सूचनेत शेवटी असायची. एका वर्षी तेव्हाचे साहेब म्हणाले, जाहिरात फार मोठी होते, चार ओळी काढा. कुठल्या, ते त्यांनी सांगितलं नाही. मी पेन्सिल घेऊन बसले. तारीख काढता येत नव्हती, पत्ता काढता येत नव्हता. तोंडी बोलायला तसंही कोण येतं, असा विचार करून मी तीच ओळ काढली; छापील चौकटीत तिच्याच चार ओळी व्हायच्या. पुढच्या सूचना आधीच्या सूचनेवरून होत गेल्या. ती ओळ पुन्हा कधी आली नाही, आणि ती नाही म्हणून कोणी तक्रारही केली नाही. करणार कोण? ज्यांच्यासाठी ती होती, त्यांना ती होती हेच माहीत नव्हतं.

मी लालबागला राहते. चिंचपोकळी पायी पंधरा मिनिटं. रविवारी सकाळी पत्रावरचा पत्ता घेऊन निघाले. कर्मचाऱ्याने हरकतदाराच्या घरी जाणं बरोबर नाही हे मला ठाऊक होतं, आणि मी कोणाला विचारलंही नाही.

दुसऱ्या मजल्यावरची खोली. घाडींनी दार उघडलं आणि क्षणभर ओळखलंच नाही. मग एकदम म्हणाले, "येवा, येवा, बसा." आडनावावरून गाव निघालं, मी कणकवलीकडची, ते देवगडकडचे. खिडकीजवळ पलंगावर त्यांच्या पत्नी सुमतीताई बसल्या होत्या. नाकाला पारदर्शक नळी, पलंगाशी पाण्याच्या पिंपाएवढं पांढरं मशीन, त्याचा एकसारखा घरघर आवाज. मोठ्या साथीत त्यांची फुफ्फुसं गेली होती. त्याआधी सव्वीस वर्षं त्या बालवाडीच्या बाई होत्या. चाळीस मुलांच्या गोंगाटावर पोचणारा आवाज होता, असं घाडी म्हणाले. आता एका दमात चार शब्द, मग थांबायचं, मग पुढचे चार.

"तुम्हीच का... शिक्कावाल्या बाई?" त्यांनी विचारलं.

मी हो म्हटलं.

"छान उमटलाय. मुलांचे ठसे... कधी सरळ येत नाहीत."

मी तोंडी म्हणण्याच्या नियमाबद्दल सांगितलं. तारीख सांगितली. घाडी म्हणाले, "माका भाषण जमत नाय. मी मशीनसमोर उभा राहिलेला माणूस, माणसांसमोर नाही."

सुमतीताईंनी नळी सारखी केली. "मीटर जिन्याखाली. मी दुसऱ्या मजल्यावर. आमची ओळख नाही... एवढंच सांगा." मग बऱ्याच वेळाने म्हणाल्या, "घाबरू नका. समोर चाळीस मुलं आहेत... असं समजा."

निघताना मी ओळ काढल्याची गोष्ट सांगणार होते. तोंडापर्यंत आली. पण त्यांनी चहा ठेवला, बशीत दोन खारी ठेवल्या, आणि मला ते जमलं नाही.

सुनावणीच्या दिवशी सभागृह भरलं होतं. घाडी साडेदहालाच आले, पण तोंडी बोलणाऱ्यांचा क्रम सगळ्यात शेवटी. त्यांची शेजारीण दोन वाजता कामावर जायची, त्याआधी त्यांना घरी पोचायचं होतं. साडेबाराला कंपनीचे वकील अजून प्रास्ताविकच करत होते. घाडी मागच्या खुर्चीवर गुडघ्यांवर हात ठेवून बसलेले, नजर घड्याळावर. चहाच्या सुट्टीत प्रभुदेसाईंनी त्यांची चौकशी केली आणि सौम्यपणे सांगितलं, "तुमचं दुःख खरं आहे, पण ही वैयक्तिक बाब झाली. इथे धोरणावर बोलायचं असतं." घाडींनी मान डोलावली. मला वाटलं, आता हे उठून जाणार.

इतक्या वर्षांत मी कधी केलं नव्हतं ते केलं. एका चिठ्ठीवर दोन ओळी लिहिल्या आणि पट्टेवाल्याच्या हाती अध्यक्षांकडे पाठवल्या. अध्यक्ष मितभाषी गृहस्थ. चिठ्ठी वाचून त्यांनी एकदा माझ्याकडे बघितलं. ती नजर चांगली की वाईट, मला कळली नाही. मग म्हणाले, "श्री. घाडी यांना आधी ऐकू."

घाडी माइकसमोर गेले. माइक त्यांच्या उंचीला फार खाली होता. तो वर करायचं त्यांना सुचलं नाही, तेच वाकले. नाव सांगितलं, पत्नीच्या मशीनबद्दल सांगितलं, जिन्याखालचा मीटर आणि दुसरा मजला सांगितलं. झालं एवढंच.

कंपनीचा एक अधिकारी उठला. वाईट माणूस नव्हता, समजावण्याच्या सुरात बोलला. "शिल्लक कमी झाली की ग्राहकाला मोबाइलवर संदेश जाईल. एकदा नाही, तीनदा. काळजीचं कारण नाही."

"कोणाला जाईल?" घाडींनी विचारलं.

"मीटर ज्यांच्या नावावर आहे त्यांना."

"मीटर वडिलांच्या नावावर आहे. पागडीची खोली, नाव बदललेलं नाही. वडील वारले त्याला वीस वर्षं झाली."

सभागृहात हशा पिकला. घाडी हसले नाहीत. हशा आपोआप थांबला.

आयोगाचे एक सदस्य म्हणाले, "तुमची अडचण समजली. पण ही तक्रार आहे. पुरवठा तोडला गेला तर त्यासाठी वेगळा मंच आहे, तिथे तुम्हाला दाद मागता येईल."

घाडी वाकलेले सरळ झाले. त्यामुळे पुढचं वाक्य माइकमध्ये आलं नाही, पण सगळ्यांना ऐकू गेलं. "साहेब, तक्रार झाल्यावर करतात. झाल्यावर मी तक्रार घेऊन कुठे जाऊ, आणि कशाला?"

मी टिपून घेत होते. माझा हात थांबला. अशा वेळी पुढे काय होतं ते मला माहीत होतं. अध्यक्ष 'नोंद घेतली' म्हणतात, पुढचं नाव पुकारलं जातं, आणि नोंद माझ्या वहीत राहते.

तेवढ्यात प्रभुदेसाई उभे राहिले. त्यांची पाळी नव्हती. इतक्या वर्षांत ते पाळी सोडून कधी बोलले नव्हते. "अध्यक्षसाहेब, क्षमा करा. मसुद्यात पुरवठा बंद करण्याचं कलम आहे, त्याचं शेवटचं वाक्य वाचावं." त्यांनी गुलाबी चिठ्ठीचं पान उघडलं होतं. "'कोणत्याही परिस्थितीत' असे शब्द आहेत. हे गृहस्थ त्या परिस्थितीबद्दल बोलताहेत. ही वैयक्तिक बाब नाही. हे कलम आहे."

अध्यक्षांनी पान काढलं. सदस्यांनीही काढलं. मग अध्यक्षांनी घाडींना विचारलं, "मशीन किती वेळ बंद राहिलेलं चालतं?"

"कपडे बदलायला लागतो तेवढा वेळ," घाडी म्हणाले.

अध्यक्षांनी ते स्वतःच्या हाताने लिहून घेतलं. घाडी सव्वा वाजता निघाले. दाराशी त्यांनी माझ्याकडे बघून हात जोडले आणि जिन्याने धावत गेले. लिफ्टसाठी थांबले नाहीत.

संध्याकाळी प्रभुदेसाई टेबलाशी आले, पण चहा घेतला नाही. "परबबाई, ते कलम मी तीनदा वाचलं होतं," म्हणाले. "शेजारी पेन्सिलीने खूण केली होती. का, माहीत आहे? 'परिस्थितीत'मधला 'स्थि' छापताना दीर्घ झाला होता म्हणून."

आदेश यायला काही महिने लागले. आधी पैसे भरायची पद्धत राहिली. ज्यांनी ती सगळीच रद्द व्हावी म्हणून हरकती घेतल्या होत्या ते नाराज झाले, आणि त्यांची नाराजी मला रास्त वाटते. पण 'कोणत्याही परिस्थितीत' गेलं. ज्या घरात माणूस विजेच्या मशीनवर आहे त्या घराने डॉक्टरांच्या चिठ्ठीसह नोंद करायची. मीटर कोणाच्याही नावावर असो, त्या घराची वीज आपोआप बंद होणार नाही. त्याआधी कंपनीच्या माणसाने प्रत्यक्ष जाऊन दार वाजवलं पाहिजे. आणि कोणाचीच वीज संध्याकाळपासून सकाळपर्यंत किंवा सुट्टीच्या दिवशी तुटणार नाही.

आदेशाची प्रत घेऊन मी चिंचपोकळीला गेले. शेवटच्या पानांवर बोलणाऱ्यांची यादी असते. घाडींनी बोट फिरवत आपलं नाव शोधलं, पुढे कंसात 'तोंडी' असं होतं. ते त्यांनी पत्नीला दाखवलं. सुमतीताईंनी चष्मा लावून नीट वाचलं.

"नाक माझं. मशीन माझं," त्या म्हणाल्या. दम घेतला. "आणि नाव यांचं?"

आम्ही हसलो. त्या दिवशी मी त्यांना ओळीची गोष्ट सांगितली. पेन्सिल, चार ओळी, सगळं. घाडींनी आदेशाची पानं सारखी केली. सुमतीताई म्हणाल्या, "मग आता... परत लिहा." बालवाडीतल्या मुलाला सांगावं तसं. रागही नाही, आणि जाऊ दे असंही नाही.

पुढच्या सूचनेत मी ती ओळ घातली. नवे साहेब म्हणाले, "परबबाई, चार ओळी जास्त झाल्यात." मी म्हटलं, "पूर्वी होत्या, साहेब. मीच काढल्या होत्या." त्यांनी सही केली.

ती सूचना दुरुस्तीसाठी वीज बंद ठेवण्याच्या नियमांची होती. केबल बदलायची असली की दिवसभर पुरवठा बंद ठेवतात, तो कसा आणि किती आधी कळवायचा हा प्रश्न. सुनावणीला घरबसल्या मोबाइलवरून हजर राहायची सोय आता नव्यानेच झाली होती. तोंडी बोलणाऱ्यांत एक नाव होतं, श्रीमती सुमती घाडी. माझ्या नोकरीतली ती शेवटून दुसरी सुनावणी.

पडद्यावर त्या दिसल्या. केस विंचरलेले, जरा ठेवणीतली साडी, नाकाला नळी. मागे घाडींचा अर्धा खांदा. मशीनची घरघर सभागृहाच्या स्पीकरमधून मोठी होऊन येत होती.

"मी सुमती घाडी. बालवाडी शिक्षिका." थांबल्या. "वीज बंद ठेवा. दुरुस्ती करायलाच हवी." थांबल्या.

कंपनीच्या बाजूने कोणीतरी म्हणालं, "सर, आवाज जातोय. कनेक्शन बघायला सांगू का?"

"आवाज जात नाही," अध्यक्ष म्हणाले. "बाई श्वास घेताहेत. थांबा."

मग सगळे थांबले. दर चार शब्दांनंतर थांबले. त्या म्हणाल्या, संदेश फोनवर येतो, फोन ह्यांच्या खिशात, हे बाजारात. दोन दिवस आधी जिन्यात कागद लावा. मराठीत, मोठ्या अक्षरात. माझी बहीण माहीमला राहते, वाटेपुरता ऑक्सिजनचा सिलिंडर मागवून मी मशीन घेऊन तिच्याकडे जाईन. मला वीज मागायची नाही. मला वेळ कळवा. आमच्या जिन्यात अजून तिघे आहेत, एकाचं डायलिसिसचं मशीन, दोघं म्हातारी, त्यांनाही कळेल.

बोलायला प्रत्येकी तीन मिनिटं असत. त्यांना अकरा लागली. घंटा वाजवायचं काम माझंच होतं. मी ती वाजवली नाही आणि कोणी विचारलंही नाही.

नोंदीत मी त्यांचे शब्द लिहिले. सगळे मिळून अर्धं पान भरलं. वाचणाऱ्याला वाटेल, कोणीतरी भराभर बोलून गेलं असेल. थांबणं लिहायची आमच्याकडे पद्धत नाही. मला याची खंत आहे.

मी निवृत्त झाले त्यानंतरच्या हिवाळ्यात सुमतीताई गेल्या. घाडींनी फोनवर सांगितलं, "मशीन चालू होतं. वीज होती. आजारच तेवढा होता." प्रभुदेसाई माझ्यासोबत भेटायला आले होते. त्यांनी घाडींना एकच विचारलं, बाईंची बालवाडी कुठल्या गल्लीत होती, आणि परतताना आम्ही त्या गल्लीवरून चालत गेलो.

गेल्या महिन्यात आमच्या लालबागच्या चाळीत, तळमजल्याच्या जिन्याशी, एक कागद चिकटवलेला दिसला. परवा सकाळी दहा ते चार वीजपुरवठा बंद राहील. मराठीत, मोठ्या अक्षरात. खाली लिहिलं होतं, घरात विजेच्या उपकरणावर रुग्ण असल्यास या क्रमांकावर कळवा, माणूस येऊन भेटेल. सावंत चष्मा कपाळावर चढवून वाचत उभे होते.

"हे बरं सुरू केलंय हो," ते म्हणाले. "आमच्या आईचं ते वाफेचं मशीन असतं, आता आधी ठरवता येईल. कोणी सुचवलं असेल यांना?"

"चिंचपोकळीच्या बालवाडीतल्या एका बाईंनी," मी म्हटलं.

"कोणी मोठ्या होत्या का?"

"बाई होत्या," मी म्हटलं, आणि आईसाठी त्या क्रमांकावर फोन लावायला त्यांना तिथेच उभं केलं.